पंधरा वर्षांच्या मुलासाठी गेमिंगचा हेडफोन कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत दोन खोल्या आणि हॉलचं घर. मुलगा पंधरा वर्षांचा, चश्मा आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर पीसीवर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो, अधूनमधून फोनवर बीजीएमआय. वडील रात्री सगळे झोपल्यावर हॉलमधल्या टीव्हीवर पीएस फाइव्ह हा गेमचा कन्सोल लावतात. बजेट सहा-सात हजार. दुकानदार म्हणतो, ७.१ सराउंडचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो म्हणून विकला जाणारा, लाइटवाला घ्या. मुलाला वायरलेस हवा आहे. आणि आईला काळजी आहे ती मुलाच्या कानांची.

ताई, सरळ उत्तर आधी देतो. मुलासाठी वायरचा, ३.५ मिलिमीटर पिनचा, कान पूर्ण झाकणारा, बंद कपांचा, वजनाला हलका आणि साधा स्टीरिओ हेडसेट घ्या. माइक दांडीवरचा हवा. तोच हेडसेट रात्री वडिलांच्या कंट्रोलरला लागेल आणि वेळ पडली तर फोनलाही. ७.१ साठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ब्लूटूथवर गेम खेळायचा विचार सोडून द्या. वायरलेस हवाच असेल तर यूएसबी डोंगल, म्हणजे पीसीला लावायचा छोटा रिसीव्हर, मिळणारा घ्या, पण त्यात काय गमवावं लागतं ते पुढे सांगतो.

मी आधी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम केलं, आता हेडफोन आणि हेडसेट दुरुस्त करतो. गेमसाठीचा हेडफोन मी एकाच कसोटीवर जोखतो: आवाज कमी ठेवूनही किती बारीक ऐकू येतं. नेमबाजीच्या गेममध्ये मुलं आवाज वाढवतात ते स्फोट ऐकायला नाही, भिंतीपलीकडची पावलं ऐकायला वाढवतात. पावलं नीट ऐकू येत नाहीत म्हणून बटण वर जातं, आणि मग त्याच पातळीवर बंदुकीचा बार कानात बसतो. म्हणजे चांगला खेळ आणि कानांची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर मी याच बाजूने देणार आहे.

आता ७.१. माणूस आवाजाची दिशा दोन कानांनीच ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जरा मागाहून. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, तरी मेंदू तो पकडतो. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, त्यामुळे दूरच्या कानात आवाजाचा वरच्या पट्टीतला भाग दबून पोचतो. लॉर्ड रॅली यांनी १९०७ साली या दोन खुणा एकत्र मांडल्या. समोरून की मागून, वरच्या मजल्यावरून की खालून, हे मात्र बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे कळतं. आवाज कुठून येतो त्याप्रमाणे त्या घड्या त्याचा रंग किंचित बदलतात.

आजचे गेम हे सगळं गणित स्वतः करतात. त्याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये हे २०१६ साली आलं, व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली. गेम प्रत्येक पावलाची दिशा काढतो, त्यावर ही प्रक्रिया करतो आणि शेवटी डावा आणि उजवा असे दोनच आवाज बाहेर पाठवतो. हेडफोनचं काम एवढंच, की ते दोन आवाज जसेच्या तसे कानात पोचवायचे. त्यावर पुन्हा हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ चालू केलं, तर आधीच दिशा दिलेल्या आवाजावर दुसऱ्यांदा दिशा चढते. पावलं घुमल्यासारखी येतात आणि समोरचा शत्रू की मागचा, हेच कळेनासं होतं. बाजारात ७.१ म्हणून विकले जाणारे बहुतेक सगळे हेडसेट आतून दोन ड्रायव्हरचेच, म्हणजे कपातल्या दोन छोट्या स्पीकरचेच असतात, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. खरोखर अनेक ड्रायव्हर बसवलेले हेडसेटही निघाले होते. रेझरच्या टियामॅट ७.१ मध्ये दोन्ही कानांत मिळून दहा ड्रायव्हर होते. जड आणि महाग असा तो प्रकार फारसा टिकला नाही.

खोक्यावरचा दुसरा आकडा ड्रायव्हरच्या आकाराचा: ४०, ५०, ५३ मिलिमीटर. यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. पडदा कसला आहे, कपाच्या आत हवा कशी खेळते, कुशन किती घट्ट बसतं, यावर तो ठरतो. तिसरा आकडा, २० ते २०,००० हर्ट्झ किंवा त्याहून रुंद पल्ला. माणसाचा कान साधारण एवढंच ऐकतो, आणि त्या पल्ल्यात कुठला भाग फुगवलाय आणि कुठला दाबलाय हे तो आकडा सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे. स्वस्त गेमिंग हेडसेटमध्ये बास मुद्दाम फुगवलेला असतो, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो छाप पाडतो. पण खालच्या पट्टीतला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. ग्रेनेडचा धुमका संपेपर्यंत पावलं त्याखाली गाडली जातात. मग मुलगा आवाज वाढवतो. म्हणून दुकानात ऐकताना धमाकेदार गाणं लावू नका. माणसाचा बोलका आवाज लावा, बातम्या किंवा कीर्तन काहीही चालेल. आवाज अगदी हळू ठेवा. प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला तर हेडसेट कामाचा. बोलणं पिंपातून आल्यासारखं वाटलं तर ठेवून द्या.

वायरलेसचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण मुलाशी वाद इथेच होणार आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. चित्रपट बघताना फोन चित्रही तेवढंच मागे ओढतो, त्यामुळे कळत नाही. गेममध्ये चित्र मागे ओढता येत नाही, म्हणून गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. इअरबडमधल्या गेमिंग मोडने हा उशीर कमी होतो, संपत नाही. पण माझ्या मते त्याहून मोठा दोष माइकचा आहे. ब्लूटूथवर माइक चालू झाला, की बहुतेक हेडफोन फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. त्या पद्धतीत दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि त्याचा वरचा भाग कापला जातो. म्हणजे मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड उघडलं, की डावं-उजवं संपलं. दहा-बारा हजारांचे उत्तम ब्लूटूथ हेडफोन घेऊन पीसीवर सगळा आवाज पत्र्यासारखा येतोय अशी तक्रार करणारे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्या हेडफोनमध्ये बिघाड काहीच नसतो.

यूएसबी डोंगलवाल्या वायरलेस हेडसेटमध्ये ही अडचण नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या जोडणीत उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंदांचा असतो, आणि माइक चालू असतानाही स्टीरिओ टिकून राहतो. तोटा वेगळा आहे. त्यात बॅटरी आहे, आणि काही वर्षांत ती थकते. बहुतेक हेडसेटमध्ये ती सहज बदलता येईल अशी ठेवलेलीच नसते. शिवाय तुमच्या बजेटमध्ये तेवढ्याच पैशात वायरवाल्याचा आवाज आणि माइक दोन्ही सरस मिळतात. वायरची खरी अडचण फक्त खुर्चीचं चाक वरून जाण्याची. टेबलाच्या कडेला एक क्लिप लावली की ती मिटते.

दुरुस्तीच्या टेबलावरून दिसणारी एक गोष्ट सांगतो, खरेदीत ती उपयोगी पडेल. ड्रायव्हर जळालेला हेडसेट क्वचित येतो. येतात ते पिनेजवळ तुटलेल्या वायरचे, बिजागरीपाशी तडकलेल्या पट्टीचे, पापुद्रे सुटलेल्या कुशनचे, आणि वायरलेस असतील तर चार्जिंगचा सॉकेट सैल झालेले. म्हणून हेडसेटकडून निघणारी वायर काढता येते का ते बघा. काढता येत असेल तर तुटल्यावर नवी वायर लावून काम होतं. कुशन निघतात का आणि सुटे मिळतात का, हेही विचारा. डोक्यावरच्या पट्टीत धातूची पाती असेल तर उत्तम. दोन्ही कप धरून हलकेच फाकवा. प्लास्टिक कुरकुरलं तर पुढचा विचार करू नका.

कुशनवर मी जरा रेंगाळतो, कारण लोक इथे सगळ्यात कमी लक्ष देतात आणि हेडसेट याच कारणाने अडगळीत जातो. दुकानात चकचकीत दिसणारं काळं कुशन म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत तो थर हळूहळू फुटतो. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात दोन-तीन पावसाळे गेले की काळे पापुद्रे गालाला आणि मानेला चिकटायला लागतात. घामाने ते आणखी लवकर होतं. मखमली किंवा जाळीदार कापडाचं कुशन जास्त टिकतं आणि कान कमी तापतात. त्याने बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो, पण मे महिन्यात दोन तास हेडसेट घालणाऱ्या मुलासाठी हा सौदा योग्य आहे.

चश्म्याचंही इथेच येतं. चश्म्याची दांडी कुशनच्या खालून जाते तिथे बारीक फट राहते. त्या फटीतून खालच्या पट्टीतला आवाज निसटतो आणि पंख्याचा, टीव्हीचा आवाज आत शिरतो. पुन्हा बटण वर जातं. शिवाय दाब जास्त असेल तर अर्ध्या तासात कानशिलावर दांडी रुतायला लागते आणि डोकं दुखतं. मुलाला दुकानात न्या, त्याच्या रोजच्या चश्म्यासकट. हेडसेट घालून निदान पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. दुकानदार कंटाळला तरी चालेल. मऊ, जाड, दाबल्यावर सावकाश वर येणाऱ्या फोमचं कुशन दांडीभोवती बसतं आणि फट भरून काढतं. कडक, पातळ कुशन दांडीवर तरंगत राहतं. कान कपाच्या आत पूर्ण मावला पाहिजे, कडेवर दबला नाही पाहिजे. वजन २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असलेलं बरं. ३५० च्या वर गेलं की डोक्यावर आणि मानेवर ओझं जाणवतं.

बंद कप की उघडे कप, हे घर ठरवतं. उघड्या कपांच्या हेडफोनमध्ये मागची बाजू जाळीची असते. आवाज मोकळा, खोलीत पसरल्यासारखा येतो, कान तापत नाहीत, आणि आईने हाक मारली तर ऐकू जाते. एकट्याची शांत खोली असेल तर मी डोळे मिटून उघडेच सुचवतो. पण मुलगा संध्याकाळी खेळतो. त्या वेळी हॉलमध्ये मालिका चालू असते, वर पंखा फिरतो, स्वयंपाकघरात मिक्सर आणि कुकर असतात. उघड्या हेडफोनमध्ये हे सगळं सरळ आत येतं, आणि त्याच्या गेममधला गोळीबार तुमच्या हॉलमध्ये येतो. म्हणून त्याला बंद कप. हाक ऐकू न जाण्याची अडचण खरी आहे. एक कप मागे सरकवून बसायची सवय लागू देऊ नका, त्याने दिशाच हरवते. हाक मारण्याऐवजी खांद्यावर हात ठेवायचा, एवढं घरात ठरवून टाका.

गोंगाट दाबणारी एएनसी यंत्रणा या बजेटमध्ये शोधू नका. ती प्रवासात विमानाच्या किंवा बसच्या सलग घरघरीवर छान चालते. माणसांच्या बोलण्यावर आणि कुकरच्या शिट्टीवर तिचा प्रभाव कमीच. चांगल्या बसलेल्या कुशनने घरात पुरेसं काम होतं.

माइकबद्दल. हेडसेटच्या कपातच बसवलेला माइक तोंडापासून दूर राहतो आणि खोलीचा सगळा आवाज गोळा करतो. दांडीवरचा माइक तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठांपासून दोन बोटं अंतरावर ठेवायचा, श्वास सरळ पडणार नाही असा. टोकाला स्पंजची टोपी हवी, नाहीतर पंख्याची हवा मित्रांच्या कानात वादळ करते. डिस्कॉर्डमध्ये नको तो आवाज गाळण्याची सोय आहे, ती चालू करा. मिक्सरचा आवाज ती बऱ्यापैकी काढून टाकते.

पीसीवर लावल्यावर हेडसेटमध्ये सतत गुंऽऽऽ असा आवाज आला, किंवा माइकमधून मित्रांना घरघर ऐकू गेली, तर लगेच हेडसेट परत करायला धावू नका. जुन्या इमारतींमध्ये प्लगच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग पोचलेलंच नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष तिथेच आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. ते आवाजासाठी नाही तर जिवासाठी गरजेचं आहे. अर्थिंग ठीक असूनही सूक्ष्म चरचर येत असेल, तर पिन कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटमधून काढून मागच्या सॉकेटमध्ये लावा. पुढच्या सॉकेटची वायर आतून ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते आणि त्याचा त्रास ओढून घेते. तरीही गेलं नाही तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्यायचं.

पिन बघायला शिका, त्याने दुकानातला अर्धा गोंधळ टळतो. पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर तिच्यातून आवाज आणि माइक दोन्ही जातात. ती लॅपटॉपला, कंट्रोलरला आणि जॅक असलेल्या फोनला थेट लागते. दोन पट्ट्या असतील तर फक्त आवाज. डेस्कटॉप पीसीवर आवाजाचं हिरवं आणि माइकचं गुलाबी असे दोन वेगळे सॉकेट असतात, तिथे एकाचे दोन करणारी छोटी वायर लागते. बऱ्याच हेडसेटच्या खोक्यातच ती येते, नसेल तर त्याच दुकानात मागून घ्या. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचा अडॅप्टर घेताना त्यात डॅक, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारी चिप, आहे ना, हे विचारा. नुसती वायर जोडून दिलेले स्वस्त अडॅप्टर कित्येक फोनवर चालतच नाहीत.

आता कानांबद्दल, आणि इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मशीन लावून ऐकू येतं, पण ते पूर्वीसारखं नसतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी ठरवलेली मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. मुलगा दिवसाला तीन तास खेळत असेल तर आठवड्याचे एकवीस तास झाले. मुलांच्या मापाने त्याची पातळी ७८ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. शेजारी उभं राहून ऐकला तर स्वयंपाकघरातला मिक्सर सहज याच्या वर जातो. ऑनलाइन वर्ग आणि गाणी याच हिशेबात धरायची, हेही विसरू नका.

घरी मोजमापाचं यंत्र नसतं, म्हणून मी सांगतो ती रीत अशी. रविवारी दुपारी घर शांत असताना गेम लावून आवाज शून्यापासून हळूहळू वर आणा. पावलं स्पष्ट ऐकू आली की थांबा. विंडोजमधला तो आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. संध्याकाळी घरात गडबड असली तरी त्याच्या वर जायचं नाही. हेडसेट घातलेल्या मुलापासून हातभर अंतरावर बसून तुम्हाला गेममधलं बोलणं शब्दन् शब्द कळत असेल, तर आवाज नक्कीच जास्त आहे. तासाभराने पाच-दहा मिनिटं हेडसेट काढून ठेवायचा. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, किंवा बोलणं कापूस घातल्यासारखं ऐकू येत असेल, तर त्या दिवशी खेळ बंद. हे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. पहिल्यांदा झालं म्हणून दुर्लक्ष करू नका, पंधराव्या वर्षी तर मुळीच नाही.

गेमच्या सेटिंगमध्येही कानांची बरीच सोय करता येते. संगीत शून्यावर, निवेदकाचा आवाज निम्म्यावर, मित्रांचा आवाज पावलांच्या जरा खाली. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ चालू, आणि विंडोजमधलं स्पेशियल साउंड बंद. हेडसेटबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमधलं सराउंडही बंद. काउंटर-स्ट्राइक २ कधी खेळला तर तिथे इक्यू प्रोफाइलमध्ये, म्हणजे आवाजाचा कल ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, क्रिस्प, नॅचरल आणि स्मूद असे पर्याय आहेत. तिन्ही ऐकून बघा आणि कमी आवाजात पावलं उठून येतील तो ठेवा. एवढं केलं, की आवाजाचं बटण आपोआप पुष्कळ खाली येतं.

कानात घालायच्या वायरच्या आयईएमबद्दल मुलगा बोलेलच, कारण मोठ्या स्पर्धांत खेळाडू ते घालतात. तिथे हजारो प्रेक्षक ओरडत असतात, म्हणून कानात आयईएम आणि त्यावर गोंगाट अडवणारा मोठा हेडसेट अशी दुहेरी व्यवस्था असते. घरी तिची गरज नाही. तरीही आयईएम हा गांभीर्याने विचार करण्याजोगा पर्याय आहे. दीड-दोन हजारांत मूनड्रॉपच्या चू २ सारखे आयईएम जो आवाज देतात, तो पाच हजारांच्या कित्येक गेमिंग हेडसेटमध्ये मिळत नाही. चश्म्याची अडचण नाही, डोक्यावर वजन नाही. पण पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचा त्रास ज्याला आहे, त्याने ते टाळावेत. आणि कोणाचेही आयईएम कोणाच्याही कानात जाऊ देऊ नका, बाप-लेक असले तरी.

नावं घेऊन सांगायचं तर, तुमच्या गरजेच्या सगळ्यात जवळ मला हायपरएक्स क्लाउड अल्फा वाटतो. बंद कप, पट्टीत धातू, माइक आणि वायर दोन्ही निघतात. भाव वरखाली होतो, बजेटमध्ये सापडला तर तोच घ्या. कुशन मात्र चामड्यासारख्या थराचं आहे, तेव्हा पुढेमागे कापडी कुशन घालावं लागेल हे धरून चला. रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स २४० ग्रॅमचा आहे. माइकची दांडी आणि वायर निघत नाहीत हा त्याचा उणेपणा, पण डोक्यावर तो फार सुखाचा बसतो. मुलगा वायरलेसवर अडूनच बसला, तर लॉजिटेकचा जी४३५ बघा. डोंगलवर चालतो, वजन फक्त १६५ ग्रॅम, आणि आवाज ८५ डेसिबलच्या आत अडवून ठेवायची सोय त्यात दिलेली आहे. ८५ हा आकडा मुलासाठी जास्तच आहे, तरी कुंपण असलेलं चांगलं. त्याला दांडीचा माइक नाही, म्हणून पंख्याखाली मित्रांच्या तक्रारी येतील.

वडिलांसाठी वेगळा खर्च आत्ता करू नका. पीएस फाइव्ह साधे ब्लूटूथ हेडफोन जोडून घेत नाही, पण त्याच्या कंट्रोलरच्या खालच्या बाजूला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे. मुलाचा वायरवाला हेडसेट तिथे लावला, की सोफ्यावर बसून आवाज आणि माइक दोन्ही चालतात, टीव्हीपर्यंत वायर ओढावी लागत नाही. कन्सोलचा थ्रीडी ऑडिओही कुठल्याही साध्या स्टीरिओ हेडफोनवर चालतो. सेटिंगमध्ये आवाज ऐकून आपल्या कानाला जुळणारी पातळी निवडायची, एवढंच. कंट्रोलरची बॅटरी थोडी लवकर उतरेल. पुढे त्यांना स्वतःचा घ्यावासा वाटला, तर रात्रीच्या शांततेत गोष्टीरूप गेम खेळणाऱ्याने उघड्या कपांचा, सेनहायझरच्या एचडी ५६०एस सारखा हेडफोन जरूर ऐकावा. त्याचा रोध १२० ओहम आहे, आणि रोध जास्त असला की आवाज उठवायला जोर जास्त लागतो, म्हणून कंट्रोलरवर आवाज पुरेसा येतो का ते आधी तपासा. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोची २५० ओहमची आवृत्ती मात्र अँप्लिफायरशिवाय घेऊ नका. आणि हॉलमध्येच कोणी झोपत असेल तर उघडा हेडफोन नकोच.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, किंवा तुमच्या जवळचं मोठं दुकान, जिथे घालून बघू देतात तिथे जा. भाव सगळीकडे एक आणि एकाच ठिकाणी निम्मा असेल तर माल नकली असण्याची शक्यता मोठी. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या नंबराशी तिथेच जुळवा. वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून मागा. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी पीसी, कंट्रोलर आणि फोन या तिन्हींवर लावून बघा, माइकमध्ये बोलून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, आणि डावा-उजवा कान उलटा तर नाही ना, हे तपासा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका.